खुरासाठी रास्प, लोखंडासाठी कानस

विसाव्या पशुगणनेनुसार २०१९ मध्ये भारतात ३.४ लाख घोडे व तट्टू होते. २०१२ मध्ये हीच संख्या ६.२५ लाख होती. याच सात वर्षांत खेचरांची संख्या १.९६ लाखांवरून ०.८४ लाखांवर, तर गाढवांची ३.२ लाखांवरून १.२४ लाखांवर आली. या घसरणीची चर्चा बहुधा देशी जातींच्या जतनाच्या अंगाने होते आणि ती आवश्यकच आहे. परंतु जनावरे घटली की त्यांच्यावर चालणारे व्यवसायही आक्रसतात. नालबंदी हा त्यांपैकी एक. जिथे पूर्वी एका बाजारपेठेत दोन-तीन नालबंद असत, तिथे एकाचेही पोट भरेनासे झाले, तर पुढच्या पिढीला हे काम कोण शिकवणार? मग घोड्याचा खूर जो तासतो, तो हाताशी असेल त्या हत्याराने तासतो. हे हत्यार पुष्कळदा लोहारकामातून निवृत्त झालेली, दात झिजलेली कानस असते.

वरवर क्षुल्लक वाटणारी ही बाब प्रत्यक्षात जनावराच्या चालीशी आणि म्हणून मालकाच्या रोजच्या मिळकतीशी जोडलेली आहे. वीटभट्टीवर माती व विटा ओढणारा घोडा, गौरीकुंड ते केदारनाथ या सुमारे १६ किलोमीटरच्या चढावर यात्रेकरू वाहणारे खेचर, मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये पर्यटकांना फिरवणारा घोडा किंवा मेंढपाळाच्या बिऱ्हाडाबरोबर चालणारे भीमथडी तट्टू, यांपैकी कोणीही लंगडले तर त्या दिवसापासून घरात पैसा येणे थांबते. विस्तार कार्यक्रमांत लसीकरण, जंतनिर्मूलन व आहार यांना जे स्थान आहे, ते खुराच्या निगेला आणि त्यासाठी लागणाऱ्या हत्यारांना अद्याप मिळालेले नाही. ते मिळणे अगत्याचे आहे.

दोन हत्यारे, दोन कामे

रास्प आणि कानस ही दोन्ही पोलादी हत्यारे दिसायला सारखी असली, तरी त्यांची कापण्याची रीत वेगळी आहे. रास्पचे दात सुटे असतात. प्रत्येक दात पोलादातून स्वतंत्रपणे उचललेला असतो आणि तो खुराच्या शिंगासारख्या पदार्थाचा छोटा काप उचलतो. दोन दातांमध्ये मोकळी जागा असल्याने काप खाली गळून पडतात व पुढचा दात पुन्हा स्वच्छ पृष्ठभागावर पडतो. कानशीवर मात्र सलग, समांतर आणि उथळ धारा असतात. धातूचा बारीक कीस काढण्यासाठी ही रचना उत्तम आहे. खुरावर ती चालवली की धारांमधील फटी भुशाने लगेच भरतात आणि कानस कापण्याऐवजी घसरू लागते.

खुरासाठी तयार केलेली रास्प साधारणतः १४ इंच लांब असते. तिच्या एका बाजूस रास्पचे भरड दात व दुसऱ्या बाजूस कानशीच्या बारीक धारा असतात. एकाच हत्याराला दोन बाजू देण्यात स्पष्ट हेतू आहे: भरड बाजू खूर समतल करण्यासाठी आणि बारीक बाजू शेवटच्या सफाईसाठी. हा भेद न पाळल्याने दोन्हीकडून नुकसान होते. कानशीने खूर समतल करू पाहणारा माणूस हत्यार घसरते म्हणून दाब वाढवतो, हात थकतो, हत्यार कलते आणि खुराची एक बाजू दुसरीपेक्षा खाली जाते. याउलट नव्या रास्पने खिळ्यांची टोके किंवा नालेची कड घासणारा माणूस चांगल्या दातांची धार लोखंडावर वाया घालवतो. पुढच्या घोड्याच्या खुरावर मग तीच बोथट रास्प चालते.

अनुभवी नालबंदांची जुनी पद्धत या बाबतीत अनुकरणीय आहे. नवी रास्प केवळ खुरासाठी राखून ठेवायची. ती मंदावली की खिळ्यांची टोके वळवून बसवल्यावर त्यांची सफाई करण्यासाठी वापरायची. आणि तीही झिजली की तापवलेल्या नालेच्या कडा घासण्यासाठी. एका रास्पला अशी तीन आयुष्ये मिळतात. मात्र त्यांचा क्रम उलटा करता येत नाही.

झिजलेल्या रास्पची ओळख सोपी आहे. धारदार रास्पखाली खुराचे काप पडतात, बोथट रास्पखाली पीठ पडते. शिबिरास गेलेल्या विस्तार कार्यकर्त्याने तासलेल्या खुराखालची जमीन पाहिली, तरी हत्याराची अवस्था त्याच्या ध्यानात येईल.

एका बैठकीची चूक, वर्षभराचे ओझे

घोड्याच्या खुराची भिंत दरमहा साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. पुढच्या टोकाशी ती पूर्णपणे नवी होण्यास जवळजवळ एक वर्ष लागते. म्हणूनच दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासणे आवश्यक ठरते आणि म्हणूनच तासताना झालेली चूक लवकर भरून निघत नाही. खुराच्या दोन बाजू असमान राहिल्या तर शरीराचा भार एका बाजूवर अधिक पडतो व त्याचा ताण वरच्या सांध्यांपर्यंत पोहोचतो. टोक लांब व टाच खाली राहिली तर पायाच्या मागील बाजूच्या स्नायुबंधांवर ओढ वाढते.

सर्वाधिक दुर्लक्षित चूक मात्र खुराच्या बाहेरील पृष्ठभागाची आहे. विक्रीपूर्वी किंवा यात्रेपूर्वी खूर चकचकीत दिसावा म्हणून काही ठिकाणी संपूर्ण भिंत वरपासून खालपर्यंत घासली जाते. भिंतीचा बाहेरील थर खुरातील ओलावा राखण्याचे काम करतो. तो काढून टाकला की उन्हाळ्यात खूर कोरडा पडून तडकतो आणि पावसाळ्यात पाणी शोषून मऊ होतो. अशा भिंतीत खिळा पक्का धरत नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारासारख्या ठिकाणी घोडा पारखणाऱ्या खरेदीदाराने चकाकी पाहून भुलण्याऐवजी भिंत कितपत शाबूत आहे, हे पाहणे त्याच्याच हिताचे आहे.

याच प्रकारची दुसरी चूक म्हणजे लहान मापाची नाल ठोकून बाहेर राहिलेला खूर रास्पने कापून नालेबरोबर करणे. नाल खुराला बेतावी, खूर नालेला बेतू नये. रास्प धारदार असेल तर हा मोह अधिकच वाढतो, हेही मान्य केले पाहिजे. चांगले हत्यार चुकीच्या हातात चूकही वेगाने करते. म्हणून हत्यार आणि प्रशिक्षण यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

जखम आणि माश्या

बोथट हत्याराने दाब देऊन काम करताना किंवा धारदार हत्याराने मर्यादा ओलांडताना जिवंत भागाला इजा होऊ शकते. घोडा हा धनुर्वाताला अत्यंत संवेदनशील प्राणी आहे. माती व शेण लागलेल्या पायाच्या लहानशा जखमेतूनही धनुर्वाताचे जंतू शरीरात शिरू शकतात. शिवाय उघड्या जखमेवर ‘क्रायसोमिया बेझिआना’ ही माशी अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खात आत शिरतात. धनुर्वाताची लस, जखमेची तत्काळ स्वच्छता आणि एका जनावरानंतर दुसऱ्याकडे जाताना तारेच्या ब्रशने साफ करून जंतुनाशकात धुतलेली रास्प, या तीन गोष्टींना पर्याय नाही.

माशी आणि खूर यांचा आणखी एक संबंध आहे, तो सहसा ध्यानात घेतला जात नाही. ‘स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स’ ही तबेल्यातील चावरी माशी प्रामुख्याने पायांचे रक्त शोषते. तिला हुसकावण्यासाठी घोडा दिवसभर पाय आपटत राहतो. त्या आघातांनी खिळे सैल होतात, खिळ्यांच्या छिद्रांपाशी भिंत फुटते आणि नाल वेळेआधी निघते. मग फुटलेली कड सारखी करण्यासाठी पुन्हा रास्प चालवली जाते आणि आधीच कमी झालेली भिंत आणखी कमी होते. या माशीची वाढ मूत्र व शेणात भिजून कुजलेल्या गवतात होते. तबेल्यातील ओले अंथरूण नियमितपणे हलवणे, ते पातळ पसरून वाळवणे किंवा योग्य रीतीने कंपोस्ट करणे हा खुराच्या निगेचाच भाग आहे. उत्तम रास्प घेऊनही उकिरडा तबेल्याच्या दाराशीच ठेवला, तर अर्धे श्रम वाया जातात.

खर्चाचा आक्षेप

चांगली रास्प महाग पडते आणि एक-दोन जनावरे असलेल्या मालकाला ती परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर स्वस्त कानस हे नसून सामाईक वापर हे आहे. फवारणी पंप किंवा पेरणीयंत्र गटाने घेतले जाते, त्याच धर्तीवर पशुपालक गटाने किंवा उत्पादक कंपनीने खूर कापण्याची पक्कड, खुराची सुरी व दोन रास्प असा संच घेऊन तो प्रशिक्षित नालबंदाच्या हाती सोपवावा. रास्प इतर लोखंडी अवजारांवर आपटू न देता कापडात गुंडाळून कोरडी ठेवली आणि तासण्यापूर्वी खुराची माती व वाळू नीट काढली, तर तिचे आयुष्य वाढते. वाळूचा कण दातांची धार जितक्या लवकर घालवतो, तितक्या लवकर खूरही घालवत नाही. उन्हाळ्यात कठीण झालेला खूर तासण्यापूर्वी जनावरास काही वेळ पाण्यात उभे करणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

पत्री मारलेल्या बैलांच्या बाबतीतही हा विचार लागू पडतो. ऊसवाहतुकीच्या बैलाच्या दुभंगलेल्या खुराची भिंत घोड्यापेक्षा पातळ असते. तिथे रास्पचे एक-दोन हलके हात पुरतात.

लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमध्ये नालबंद हे स्वतंत्र कौशल्य मानले जाते. नागरी क्षेत्रातही त्याला तसाच दर्जा हवा. अश्ववर्गीय प्राण्यांच्या संशोधनासाठी हिसार येथे राष्ट्रीय केंद्र उभे आहे. कृषी विज्ञान केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. पशुआरोग्य शिबिरात लसीच्या पेटीशेजारी एक चांगली रास्प आणि ती चालवून दाखवणारा एक जाणता नालबंद असावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. जनावरांची संख्या परत वाढेल की नाही हे अनेक गोष्टींवर अवलंबून आहे. परंतु आज जी कष्ट करीत आहेत, त्यांचे पाय शाबूत राखणे सर्वस्वी माणसांच्या हाती आहे.