चित्रातला सिंह आणि पाच वर्षांचे मूल

शाळांना सुट्या लागल्या की मध्यमवर्गीय घरांतून एक प्रश्न हमखास निघतो : अमुक चित्रपट लागला आहे, धाकट्याला घेऊन जायला हरकत नाही ना? त्याचे उत्तर बहुधा एका वाक्यात दिले जाते. 'अहो, कार्टूनच तर आहे, त्यात मुलांनी न पाहण्यासारखे काय असणार?' एवढ्यावर चर्चा आटोपते आणि तिकिटे काढली जातात. एरवी मुलाच्या दुधात पाणी किती, दप्तराचे ओझे किती, शिकवणीचे मास्तर कसे, याची कसून चौकशी करणारा पालक या एका बाबतीत इतका निःशंक का असावा? त्याच्या निःशंकतेला तीन आधार असतात. चित्रपट रेखाटलेला असतो, 'कौटुंबिक' म्हणून त्याची जाहिरात झालेली असते आणि त्याला सरकारी मंडळाचे प्रमाणपत्र मिळालेले असते. हे तिन्ही आधार थोडे तपासून पाहिले, तर ते वाटतात तितके भक्कम नाहीत असे आढळून येईल.

माध्यम आणि वयोगट

ॲनिमेशन हे कथनाचे एक तंत्र आहे; प्रेक्षकाच्या वयाशी त्याचा अंगभूत संबंध नाही. याचे बोलके उदाहरण जपानमध्ये सापडते. १६ एप्रिल १९८८ रोजी 'स्टुडिओ जिब्ली' या एकाच संस्थेचे दोन ॲनिमेशनपट तेथे एकाच खेळात जोडीने प्रदर्शित झाले. पहिला हायाओ मियाझाकी यांचा 'माय नेबर टोटोरो' आणि दुसरा इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. पहिल्यात आई इस्पितळात असल्यामुळे वडिलांबरोबर खेड्यात राहायला आलेल्या दोन बहिणींची आणि रानातल्या एका लोभस, अगडबंब प्राण्याची गोष्ट आहे. दुसऱ्यात महायुद्धाच्या अखेरीस कोबे शहरावरील बाँबवर्षावात आई गमावलेली दोन भावंडे उपासमारीने मरतात. दोन्ही चित्रपट थोर आहेत. परंतु पहिला पाच वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन पाहता येतो आणि दुसरा प्रौढ माणसालाही एकट्याने पाहवत नाही. रेखाटन दोन्हींत आहे. तेवढ्यावरून निवड करणाऱ्याच्या हाती काय लागेल, हा नशिबाचा भाग.

केवळ मुलांसाठी म्हणून काढलेल्या चित्रपटांचे चित्रही वाटते तितके निरागस नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००० साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. १९३७ ते १९९९ या काळातील, 'सर्वांसाठी' अशी श्रेणी मिळालेले ७४ ॲनिमेशनपट तीत तपासले होते. हिंसेचा एकही प्रसंग नाही असा चित्रपट त्यांत एकही निघाला नाही. हिंसेच्या दृश्यांचा सरासरी कालावधी चित्रपटामागे सुमारे साडेनऊ मिनिटे भरला. पुढे २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या नाताळ अंकात, काहीशा मिस्कील शैलीत परंतु काटेकोर पद्धतीने, दुसरा एक अभ्यास आला. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'पासून २०१३ च्या 'फ्रोझन'पर्यंतच्या ४५ बालचित्रपटांची तुलना त्यात प्रौढांच्या ९० चित्रपटांशी केली होती. महत्त्वाच्या पात्राचा पडद्यावर मृत्यू होण्याचा धोका बालचित्रपटांत सुमारे अडीचपट अधिक आढळला. 'फाइंडिंग निमो'मधील आई तर चित्रपट नीट सुरू होण्यापूर्वीच, पहिल्या काही मिनिटांत, नाहीशी होते.

'कौटुंबिक' हा बाजाराचा शब्द

दुसरा आधार 'कौटुंबिक' या शब्दाचा. या शब्दाला आपल्याकडे एक सात्त्विक सुवास आहे. पण चित्रपटव्यवसायात तो मुळात मागणीचा शब्द आहे. पाच वर्षांचे मूल एकटे चित्रपटगृहात जात नाही. त्याच्यासाठी एक तिकीट विकायचे तर त्याच्या आईवडिलांची आणि मोठ्या भावंडाचीही विकली जातात. चौघांना दोन तास बसवून ठेवायचे, म्हणजे वडिलांसाठी खोचक संवाद हवेत, मोठ्या मुलासाठी वेग आणि पाठलाग हवा, आईसाठी ताटातूट व पुनर्भेट हवी आणि धाकट्यासाठी रंग व गाणी हवीत. यात लबाडी नाही. व्यवसायाचे साधे गणित आहे. परंतु सर्वांना पुरेल असे केलेले ताट सर्वांत लहान मुलाच्या पोटाला मानवेलच असे नाही. नदीची सरासरी खोली विचारून पाण्यात उतरणाऱ्या माणसाची गोष्ट संख्याशास्त्राच्या पहिल्याच तासाला सांगितली जाते. 'कौटुंबिक' चित्रपट अशाच सरासरी उंचीच्या प्रेक्षकासाठी बेतलेला असतो.

शिवाय ही वस्तू खरेदीपूर्वी पारखता येत नाही. फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली वस्तूंचे दोन वर्ग केले. काहींचा दर्जा विकत घेण्याआधी पाहून कळतो, काहींचा वापरल्यानंतरच कळतो. चित्रपट दुसऱ्या वर्गात मोडतो. त्यातही येथे पैसे देणारा एक आणि उपभोगणारा दुसरा असतो. निवड चुकली तर वडिलांचे दोनतीनशे रुपये जातात. रात्री दचकून उठते ते मूल. अशा बाजारात ग्राहकाला बाहेरून माहिती मिळण्याची गरज असते आणि तेथेच प्रमाणपत्राचा प्रश्न येतो.

प्रमाणपत्र किती सांगते?

१९५२ च्या चित्रपट कायद्यानुसार आपल्याकडे दीर्घकाळ 'यू' व 'ए', म्हणजे सर्वांसाठी आणि प्रौढांसाठी, अशा दोनच मुख्य श्रेणी होत्या. १९८३ पासून 'यूए' ही मधली श्रेणी आली. २०२३ च्या दुरुस्तीने तिचे सात, तेरा व सोळा वर्षे असे तीन भाग केले आणि २०२४ च्या नव्या नियमांनी ते अमलात आणले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. मात्र तिच्यातील एक उणीव ध्यानात घ्यायला हवी. या शिडीची पहिली पायरी सातव्या वर्षी आहे. मुलाची समज सर्वांत झपाट्याने पालटते ती तीन ते सात या वयात आणि नेमक्या त्याच टप्प्यात शिडीला पायरी नाही. तीन वर्षांचे आणि साडेसहा वर्षांचे मूल कायद्याच्या दृष्टीने एकच प्रेक्षक ठरते. वयाचे हे निर्देश पालकांच्या मार्गदर्शनापुरते आहेत, अंतिम निर्णय पालकाचा, हे कायद्यालाही अभिप्रेत आहे. प्रमाणपत्र पाहून निर्धास्त होणारा पालक आपल्यावर सोपविलेले काम मंडळावर परत ढकलत असतो.

मंडळाच्या एका निर्णयाची येथे आठवण होते. २०१६ साली 'द जंगल बुक'ला 'यूए' प्रमाणपत्र दिले गेले, तेव्हा त्याची देशभर टिंगल झाली. ज्या मोगलीने आपल्या दूरदर्शन पिढीचे रविवार गाजविले, त्याला भिण्यासारखे काय आहे, असा सूर निघाला. मंडळाच्या त्या काळातील इतर निर्णयांचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. पण हा निर्णय हास्यास्पद नव्हता. कथा तीच असली तरी १९६७ मधला रेखाटलेला शेरखान आणि २०१६ मधला संगणकाने केसन् केस जिवंत केलेला, अंधारातून थेट अंगावर येणारा शेरखान यांत लहान मुलाच्या लेखी मोठा फरक आहे. 'द लायन किंग'च्या बाबतीत अमेरिकेतही हेच घडले. १९९४ च्या रेखाटलेल्या चित्रपटाला तेथे 'सर्वांसाठी' ही श्रेणी होती. २०१९ मध्ये तीच कथा हुबेहूब प्राण्यांच्या रूपात आली तेव्हा तिला 'पालकांचे मार्गदर्शन आवश्यक' अशी श्रेणी मिळाली. रेषा भीतीला थोडी दूर धरते. खऱ्यासारखे चित्र ते अंतर पुसून टाकते.

भीती कोणती?

मग पालकाने पाहायचे काय? चित्रपटात मृत्यू आहे की नाही, मारामारी किती मिनिटे आहे, हे प्रश्न अपुरे आहेत. मुलाला नेमके काय भिववते, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वयानुसार बदलते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोॲन कँटर यांनी याचा अनेक वर्षे अभ्यास केला. दूरचित्रवाणीवरील 'हल्क' मालिकेत एका सौम्य माणसाचा हिरवा राक्षस होतो आणि तो संकटग्रस्तांना वाचवतो. मोठ्या मुलांना तो राक्षस तारणहार आहे हे कळत होते. शाळापूर्व वयाची मुले मात्र तो कायापालट पाहूनच सर्वाधिक घाबरत. म्हणजे लहान मूल रूपाला भिते, तर मोठे मूल घडू शकणाऱ्या आपत्तीला भिते. 'हे खरे नाही' ही समजूत मोठ्याला धीर देते; लहानाला त्या वाक्यापेक्षा मांडीची ऊब आणि हातातला खाऊ अधिक उपयोगी पडतो, हेही याच अभ्यासातून पुढे आले.

परंतु भीतीहून खोल जाणारी एक गोष्ट असते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. 'द लायन किंग'मध्ये उधळलेल्या कळपाखाली सिंहराजाचा मृत्यू होतो, हा प्रसंग मुलांना जड जातो असे सर्वजण म्हणतात. माझ्या मते त्याहून जड आहे तो पुढचा क्षण. बापाच्या निश्चल देहाजवळ बसलेल्या छाव्याला काका सांगतो, की हे तुझ्यामुळे घडले. प्रौढ प्रेक्षक आणि दहा वर्षांचा मुलगा यांना काकाचे कपट ठाऊक असते. पाच वर्षांच्या मुलाचे काय? झां पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या मुलांच्या नैतिक समजुतीविषयीच्या ग्रंथात एक प्रसिद्ध प्रयोग आहे. चुकून १५ कप फोडणारा मुलगा अधिक दोषी, की चोरून मुरंबा काढताना एकच कप फोडणारा? लहान मुले हेतू न पाहता परिणाम पाहत आणि १५ कप फोडणाऱ्यालाच दोषी ठरवीत. अशा मुलाच्या दृष्टीने छावा खरोखरच अपराधी ठरू शकतो. ज्या मुलाच्या घरी अलीकडेच आजोबा गेले आहेत किंवा आईवडील वेगळे राहू लागले आहेत, त्याच्या मनात हा प्रसंग कोठे जाऊन बसेल, हे कोणतेही मंडळ सांगू शकणार नाही. ते त्याच्या आईलाच ठाऊक असते.

याच कसोटीवर 'टोटोरो' का उतरतो, तेही पाहावे. भीती त्यातही आहे. आईचा आजार आहे, जुन्या घरातला काळोख आहे, हरवलेली धाकटी बहीण आहे. पण रात्री वारा घोंगावू लागतो तेव्हा वडील मुलींना मोठमोठ्याने हसायला लावतात आणि भीती पळते. भिणाऱ्या मुलाशेजारी तेथे एक मोठे माणूस उभे आहे आणि घडलेल्या दुःखाचा दोष कोणीही मुलावर टाकत नाही.

कोणी म्हणेल, की इतकी काळजी करून मुलांना कापसात गुंडाळून ठेवायचे काय? आमच्या आज्यांनी वाघ-लांडग्यांच्या आणि राक्षसांच्या गोष्टी सांगितल्याच की! १९५३ चा 'श्यामची आई' पाहून कितीतरी पिढ्या ढसाढसा रडल्या आणि त्यांचे काही बिघडले नाही. हा आक्षेप रास्त आहे. दुःख व मृत्यू मुलांपासून लपवावे, असा या लेखाचा आग्रह मुळीच नाही. रडणे म्हणजे इजा नव्हे. मात्र भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगणाऱ्या आजीला नातवाचा चेहरा दिसत असतो. तो बिलगला की वाघाचा आवाज आपोआप मवाळ होतो आणि म्हातारी लवकर घरी पोहोचते. चित्रपटातल्या वाघाला समोरचे मूल दिसत नाही. आजीने केलेले ते काम आता शेजारच्या खुर्चीतील माणसाने करायचे आहे.

करावयाचे काय?

तेव्हा पालकाने तीन गोष्टी कराव्यात. जमल्यास चित्रपट आधी स्वतः पाहावा, नाही तर पाहून आलेल्याला 'चांगला आहे का' एवढे न विचारता 'कोण मरते, दोष कोणावर येतो आणि शेवटी त्याचे काय होते' असे विचारावे. दुसरे, मूल घाबरले तर उठून बाहेर यावे. 'पैसे दिलेत, आता बस' असे म्हणणाऱ्यांना अर्थशास्त्र सांगते, की तिकिटाचे पैसे हा बुडीत खर्च आहे. बसून राहिल्याने ते परत मिळत नाहीत. तिसरे, घरी आल्यावर मुलाला काय समजले ते त्याच्याच शब्दांत सांगू द्यावे.

शिक्षकांची जबाबदारी याहून मोठी आहे. शाळेतर्फे पहिली ते चौथीच्या मुलांना एकाच खेळाला नेण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. दोनशे मुलांमागे चारपाच शिक्षक असताना घाबरलेल्या मुलाला मांडी मिळणार कोणाची? अशा खेळासाठी पहिलीच्या मुलाचे वय धरूनच चित्रपट निवडावा, अन्यथा वर्गवार खेळ करावेत. आणि मंडळाकडे मागणी एवढीच, की श्रेणीमागची कारणे दोन सोप्या मराठी वाक्यांत जाहिरातीवर व तिकीटखिडकीवर लिहिलेली असावीत. घरबसल्या चित्रपट दाखविणाऱ्या ऑनलाइन सेवांना २०२१ च्या नियमांनी आशयाचे असे वर्णन देणे बंधनकारक केलेच आहे. घरातल्या पडद्याला जो नियम लागू आहे, तो चित्रपटगृहाच्या दाराशी वाचायला मिळावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. तोवर 'कार्टूनच तर आहे' हे वाक्य तरी आपण आपल्या घरांतून हद्दपार करावे.