रंग बघून बोट घेत नाही, मग कॉम्प्युटर का घ्यायचा?



मागच्या आठवड्यात लेकीच्या कॉलेजच्या कामाने इंदूरला जाऊन आलो. तिला लॅपटॉप घ्यायचा होता. आपल्या सोसायटीच्या ऑफिसला कॉम्प्युटर घ्यायचा विषयसुद्धा गेल्या दोन मीटिंगांपासून लटकलाय, म्हटलं, बाजार बघून येऊ. राजवाड्याजवळ पोहे-जिलेबी खाल्ली आणि दुकानं पालथी घातली.

एका ठिकाणी जुना, दुरुस्त केलेला लॅपटॉप दाखवला. दिसायला चकाचक, किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. दुकानदार म्हणाला, "सर, विंडोज इलेवन डला हुआ है, एकदम लेटेस्ट." मी खिशात हात घालणार तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, थांबा. आत प्रोसेसर कुठला आहे ते बघू." निघाला सहाव्या पिढीचा, म्हणजे जवळपास दहा वर्षांपूर्वीचा!

विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. पळवाट काढून जुन्या मशीनवरही ते बसवता येतं. पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. दुकानदार खोटं बोलला नाही, एवढंच फक्त सांगितलं नाही.

आता सांगा, जुनी बोट घ्यायला गेल्यावर ताजा रंग बघून कोणी इसार देतं का? आधी फळ्या ठोकून बघतो, सांधे बघतो, इंजिन कुठल्या सालचं ते विचारतो. कॉम्प्युटरचंही तेच. विंडोज हा वरचा रंग, मशीन ही फळी.

काही जण म्हणतील, "ऑफिसचा जुना विंडोज १० चालतोय की, कशाला खर्च?" चालतोय, खरं आहे. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. आता भोक पडलं तर बुजवणारा नाही. घरगुती कॉम्प्युटरला नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. ऑफिससाठी मात्र पैसे भरावे लागतात, दर वर्षी दर दुप्पट, आणि तेही फार तर तीन वर्षं.

भोक बुजवलं नाही तर काय होतं, ते २०१७ साली दिसलं. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, त्यांना मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने गाठलं आणि जगभर कॉम्प्युटर बंद पाडून खंडणी मागितली. जूनमध्ये आलेल्या दुसऱ्या हल्ल्यानेही त्याच भोकाचा वापर केला, आणि त्यात आपल्या उरणशेजारच्या जेएनपीटीतल्या मर्स्कच्या टर्मिनलचं काम अडकलं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपली काय कथा?

आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये काय नाही? डिझेल परताव्याची बिलं, सभासदांचे आधार नंबर, बँक खाती. बोटीची नोंदणी आणि परवाना 'रिअलक्राफ्ट'वर ऑनलाइन. ऐन नारळी पौर्णिमेच्या तोंडावर हे सगळं बंद पडलं तर बोटी किनाऱ्यालाच राहतील. चार-पाच हजार वाचवायला ही जोखीम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सेकंडहँड घेऊच नका, असं मी म्हणत नाही. घ्या, पण बघून घ्या:

१. सेटिंगमध्ये सिस्टीम, मग अबाउट उघडा आणि प्रोसेसरचं नाव वाचा. आय-५ ६३०० म्हणजे सहावी पिढी, आय-५ ८३५० म्हणजे आठवी. रायझन असेल तर ३००० किंवा त्यापुढचा घ्या.

२. रॅम कागदावर ४ जीबी पुरते, पण काम करायला ८ जीबी हवी. हार्डडिस्क नको, एसएसडी घ्या.

३. आपलं हिशेबाचं सॉफ्टवेअर, प्रिंटर आणि डिजिटल सहीचं डोंगल त्यावर चालतं का, ते पैसे देण्याआधी लावून बघा. श्रीलिपीतली जुनी पत्रं उघडतात का, तेही बघा.

४. बिलावर प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्या. "विंडोज ११" एवढंच लिहिलेलं बिल नको.

जुना कॉम्प्युटर भंगारात घालू नका. इंटरनेट काढून ठेवा, मागचे हिशेब बघायला उपयोगी पडेल. त्यावर फुकटचं लिनक्स टाकता येतं, सी-डॅकचं 'बॉस' त्यातलंच, पण आपलं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालेल याचा भरवसा नाही.

लेकीने शेवटी आठव्या पिढीचा सेकंडहँडच घेतला, थोडे पैसे जास्त देऊन. येत्या मीटिंगला विषय येईल तेव्हा नुसता "स्वस्त कुठला?" असं विचारू नका. "किती वर्षं अपडेट मिळणार?" हे विचारा. वेगळं मत असेल तर खाली लिहा, मीटिंगलाही या.

तुमचाच एक सभासद