‘बंदी घाला’ म्हणण्याआधी

जून २०१४ मध्ये पुण्याच्या हडपसरमध्ये नमाजहून परतणाऱ्या एका आयटीवाल्या तरुणाला जमावाने ठार मारले. फेसबुकवर फिरणाऱ्या ज्या चित्रांवरून शहर पेटले होते, त्यांच्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पुढे २०२० मध्ये ‘कोरोना जिहाद’ आला. म्हणून आपल्यातले अनेकजण म्हणतात, सरकारने खोट्या पोस्टवर सरळ बंदी घालावी. संताप मला कळतो. मागणी मात्र आपल्याच अंगाशी येणारी आहे.

नोव्हेंबर २०१२ आठवा. मुंबई बंद कशासाठी, असे पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर विचारले. तिला अटक झाली आणि पोस्ट लाइक करणाऱ्या मैत्रिणीलाही. हाताशी कलम ६६-अ होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मार्च २०१५ मध्ये रद्द केले. २०२३ मध्ये केंद्राने नवा नियम आणला: केंद्राच्या कारभाराबद्दल खोटे काय, हे केंद्राचाच कक्ष ठरवणार. म्हणजे आरोपीच न्यायाधीश. कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियमही गेला. आणि गंमत बघा, हा कक्ष राहिला असता तरी आपल्या मोहल्ल्याबद्दलची अफवा त्याच्या कामातच बसत नव्हती!

मग हातावर हात ठेवून बसायचे का? नाही. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच निरपराध भटक्यांना ठेचून मारले गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असे केले, आणि असे मेसेज सत्तर टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. यात कोणी मेसेज वाचला नाही, कोणाचे तोंड बंद केले नाही. फक्त वेग कमी केला. बोलणे हा माझा हक्क आहे. मशीनने ते लाखोंच्या हातात कोंबावे, हा कोणाचाच हक्क नाही. मागायचेच तर हे मागा: कोणती पोस्ट वर का ढकलली जाते, ते कंपन्यांनी उघड करावे. आणि माइकवरून ‘मारा’ म्हणणाऱ्यांसाठी कायदे आधीच आहेत, ते वापरा.

आता आपले घर. खबर आली की आधी शहानिशा करा, असे सूरह हुजुरात सांगते. बयानात आपण माना डोलावतो आणि बाहेर पडताच फॉरवर्ड करतो. मीही केले आहे. दुसऱ्या देशातला जुना व्हिडिओ ‘कालचा अत्याचार’ म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला. कळल्यावर गुपचूप डिलीट केला. दुरुस्ती टाकायची लाज वाटली, इंजिनिअर ना मी! सहा महिन्यांनी ती टाकली, तेव्हा अब्बांनी विचारले, “कोणता व्हिडिओ? तो तर मी सगळ्यांना पाठवला होता.”