सल्लागार आले, सभासद गेले

महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये आर्थिक सल्लागार परिषद नेमली. टाटा सन्सचे एन. चंद्रशेखरन तिचे अध्यक्ष झाले. सदस्यांत अर्थतज्ज्ञांबरोबरच अनंत अंबानी व करण अदानी ही नावे होती. राज्याची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरांवर कशी न्यावी, हे सांगण्याचे काम या मंडळींकडे आले. तत्पूर्वी, डिसेंबर 2022 मध्ये, ‘मित्रा’ या शासकीय नियोजनसंस्थेच्या उपाध्यक्षपदी ठाण्याचे बांधकाम व्यावसायिक अजय आशर यांची नियुक्ती झाली होती. 2025 च्या पुनर्रचनेत ते पद त्यांच्याकडून गेले. शासन निर्णयाने आले, शासन निर्णयाने गेले. मतदारांना दोन्ही वेळा वर्तमानपत्रातून कळले.

याच काळात हिंगोलीसारख्या जिल्ह्यात काय घडत होते? घटनेच्या 371(2) कलमान्वये 1994 मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली आणि तत्कालीन सरकारने ती वाढविली नाही. (ते सरकार आज विरोधात बसते, हेही विसरू नये.) मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली व कारभार प्रशासकाच्या हाती गेला. जिल्हा नियोजन समितीचे किमान चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांच्या निर्वाचित सभासदांनी आपल्यातून निवडावेत, अशी घटनेची आज्ञा आहे. सभासदच नाहीत, तर निवडणार कोण? औंढा, सेनगाव, कळमनुरीच्या शेतकऱ्याला सल्ला देण्याची जी अधिकृत दारे होती ती एकेक करून बंद झाली, आणि नेमक्या त्याच वर्षांत उद्योगपतींसाठी मंत्रालयात नवे दार उघडले.

उद्योगपतींना व्यवहार कळतो, त्यांचा सल्ला घेतला तर बिघडले काय, असे मध्यमवर्गात पुष्कळांना वाटते. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. 1944 मध्ये टाटा, बिर्ला प्रभृतींनी ‘मुंबई योजना’ मांडली होती. परंतु ती त्यांनी स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केली आणि समाजवाद्यांसह सर्वांनी तिच्यावर उघड टीका केली. 1984 मध्ये वि. म. दांडेकर समितीने राज्यातील प्रादेशिक अनुशेष सुमारे 3,186 कोटी रुपयांचा ठरविला. तिच्या निकषांवर मराठवाड्यात व विदर्भात कडाक्याची भांडणे झाली. ती होऊ शकली, कारण कोष्टके लोकांच्या हाती होती आणि दांडेकरांना त्या आकड्यांतून काही मिळवायचे नव्हते.

धारावी पुनर्विकासाची निविदा नोव्हेंबर 2022 मध्ये अदानी समूहाने जिंकली व जुलै 2023 मध्ये शासनाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. याचा परिषदेशी संबंध जोडण्यास पुरावा नाही. पण शासनाशी हजारो कोटींचे व्यवहार असलेल्या घराण्यातील व्यक्ती शासनाची सल्लागार असते, तेव्हा संशय दूर करण्याची जबाबदारी शासनावर येते; पुरावा शोधण्याची नागरिकांवर नव्हे. अमेरिकेत 2025 मध्ये इलॉन मस्क यांनी कोणतीही निवडणूक न लढविता सरकारी खात्यांवर कात्री चालविली, तेव्हा तेथील जनता रस्त्यावर उतरली. येथे प्रकार सौम्य, म्हणून जनमतही निवांत.

त्या निवांतपणाची किंमत हिंगोलीत मोजावी लागते. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग या जिल्ह्यातून आखला गेला आणि जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासह वीस हजार कोटींहून अधिक खर्चाला मंजुरी दिली. हळदीची, उसाची जमीन जाणार म्हणून शेतकऱ्यांनी विरोध केला. त्या घटकेला त्यांची बाजू ठरावाद्वारे मांडण्यास निवडून आलेली जिल्हा परिषदसुद्धा नव्हती.

येत्या अधिवेशनात पक्षाने तीन मागण्या लावून धराव्यात. प्रत्येक शासकीय सल्लागाराच्या हितसंबंधांचे विवरण विधिमंडळाच्या पटलावर यावे. परिषदेच्या बैठकांची इतिवृत्ते खुली व्हावीत. आणि जेथे जिल्हा परिषदेवर प्रशासक आहे, तेथे सभासद निवडून येईपर्यंत भूसंपादनाचा कोणताही निर्णय ग्रामसभेच्या ठरावाविना पुढे नेऊ नये. ग्रामसभांचे ठराव गोळा करण्याचे काम मात्र अधिवेशनाची वाट न पाहता वसमत व कळमनुरी तालुक्यांतील कार्यकर्त्यांना आजच हाती घेता येईल.