पहाटेचा जमाखर्च

लवकर उठणे हा गुण आहे की नुसती सवय, हा प्रश्न मराठी घरांना फारसा कधी पडला नव्हता. घरात एखादे म्हातारे माणूस असे, त्याला झोप येत नसे, म्हणून ते लवकर उठे. आणि आपण उठलो आहोत हे साऱ्या घराला कळावे इतक्या जोराने खाकरे. शाळेच्या पुस्तकातला एखादा धडा सोडला, तर यापलीकडे त्या गोष्टीला तत्त्वज्ञानाची प्रतिष्ठा कोणी दिली नव्हती. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही स्थिती पालटली. 2012 साली हॅल एलरॉड या अमेरिकन लेखकाने ‘द मिरॅकल मॉर्निंग’ लिहून न्याहारीपूर्वी करावयाच्या सहा साधना सांगितल्या. 2018 साली रॉबिन शर्मा यांनी ‘द फाइव्ह ए. एम. क्लब’ लिहून पहाटे पाच ते सहा या तासाचे वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे पाडले. पहिल्यात घाम गाळावा, दुसऱ्यात चिंतन करावे, तिसऱ्यात ज्ञान मिळवावे. वीस मिनिटांत ज्ञान मिळण्याची ही सोय आपल्या परंपरेत नव्हती. नचिकेत्याला त्यासाठी यमाच्या दारी तीन रात्री तिष्ठावे लागले होते.

या नव्या पंथाचा साधक पाहण्यासारखा असतो. तो गजर होताच उठतो, लिंबू पिळलेले कोमट पाणी पितो, थंडगार पाण्याने स्नान करतो, वहीत तीन गोष्टींविषयी कृतज्ञता नोंदवतो, डोळे मिटून आपले भावी यश पाहतो, डोळे उघडून व्यायाम करतो, एखाद्या पुस्तकाची दहा पाने वाचतो आणि यांतील प्रत्येक कृतीपुढे बरोबरची खूण करतो. झोपसुद्धा या हिशेबातून सुटलेली नाही. सकाळी उठून तो पहिली गोष्ट पाहतो ती ही, की आपण झोपलो कसे. मनगटावरच्या यंत्राने कमी गुण दिले, तर क्षणापूर्वी ताजातवाना असलेला हा गृहस्थ तत्काळ थकतो.

माणसाने लवकर उठू नये, असे माझे म्हणणे नाही. ज्याला उठवते त्याने खुशाल उठावे. शरीराचे घड्याळ सर्वांचे सारखे नसते. ते पेशींच्या पातळीवर कसे चालते हे उलगडून दाखवणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले आहे. तेव्हा कोणी भारद्वाज असेल, कोणी घुबड. परंतु भारद्वाजाने आपल्या किलबिलाटाला पुरुषार्थ म्हणावे आणि घुबडाच्या दारिद्र्याचे कारण त्याच्या झोपेत शोधावे, येथे माझा आक्षेप सुरू होतो. कारण या साऱ्या वाङ्मयाचा अध्याहृत सिद्धान्त तोच आहे. जो यशस्वी तो पाचला उठतो. सबब जो यशस्वी नाही तो उठत नसावा. हा तर्क ज्याने केला त्याने पहाटे पाच वाजता रस्त्यावर येऊन पाहिलेले नाही.

या पंथाचे आद्य आचार्य म्हणून बेंजामिन फ्रँकलिन याचे नाव घेतले जाते. त्याने आपल्या आत्मचरित्रात दिवसाचे कोष्टक दिले आहे, त्यात पहाटे पाचला उठणे आहे, आणि आज मी कोणते भले करीन असा प्रश्नही आहे. हे कोष्टक सर्वत्र छापले जाते. त्याच आत्मचरित्रात फ्रँकलिनने मोकळेपणाने दिलेला कबुलीजबाब मात्र कोणी छापत नाही. सुव्यवस्था हा गुण आपल्याला सर्वांत जड गेला, आणि त्या बाबतीत आपण सुधारणेपलीकडचे ठरलो, असे तो म्हणतो. पुढे 1784 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पॅरिसच्या एका वृत्तपत्राला त्याने पत्र लिहिले. एके दिवशी चुकून सहाला जाग आली, आणि सूर्य उगवल्याबरोबर प्रकाश देतो हा आश्चर्यकारक शोध आपल्याला लागला, असे त्यात आहे. मग पॅरिसवासी उजाडताच उठले तर मेणबत्त्यांचे किती कोटी पौंड वाचतील याचा गणिती हिशेब आहे, आणि झोपाळूंना जागे करण्यासाठी चौकाचौकांत तोफा डागण्याची सूचनाही आहे. म्हातारा थट्टा करीत होता. सव्वादोनशे वर्षांनी त्याच्या शिष्यांनी थट्टा तेवढी गाळून तोफा ठेवल्या.

दुसरे प्रिय उदाहरण अँथनी ट्रोलपचे. हा इंग्रज कादंबरीकार पोस्टखात्यात नोकरी करीत असे आणि पहाटे साडेपाचला मेजाशी बसून, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहीत असे. सत्तेचाळीस कादंबऱ्या त्याने लिहिल्या. लेखनाच्या शिस्तीवरील कोणत्याही पुस्तकात ट्रोलप सापडतो. त्याचा मोतद्दार मात्र सापडत नाही. ट्रोलपला उठवण्यासाठी आणि त्याला कॉफी आणून देण्यासाठी घरात एक वृद्ध मोतद्दार होता, आणि या कामाबद्दल त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. तो कॉफी घेऊन येण्यास एकदाही चुकला नाही, आणि आपल्या यशाचे सर्वाधिक ऋण कदाचित त्याचेच असेल, असे ट्रोलपनेच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. मालक साडेपाचला लिहू लागे, म्हणजे चूल पेटवून कॉफी करणारा कितीला उठत असेल, याचा हिशेब वाचकाने करावा. ट्रोलप सज्जन होता. त्याने ऋण मानले आणि वेतनही दिले. आजच्या प्रभातग्रंथांत लिंबू कोणी पिळले याचा उल्लेख नसतो.

त्याच ट्रोलपने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. दिवसाचे तीन तास लिहिले की माणसाने जेवढे लिहावे तेवढे लिहून होते. या तिहींतलाही पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचे वाचण्यात घालवी. त्याचे घड्याळ काम थांबवण्यासाठीही होते. आपल्याकडे त्याचे साडेपाच घेतले आणि तीन तास परत केले.

आता कोणी म्हणेल, हे परदेशी राहू द्या, ब्राह्ममुहूर्त तर आपलाच आहे. आहे ना. वाग्भटाने दिनचर्येच्या आरंभीच तो सांगितला आहे, पण कोणाला? स्वस्थ माणसाला. आणि कशासाठी? आयुष्याच्या रक्षणासाठी. ‘अष्टांगसंग्रहा’त तर रात्रीचे अन्न पचले की नाही हे पाहून उठावे, अशी पुस्ती जोडलेली आहे. म्हणजे पोट जड असेल तर शास्त्राची सवलत आहे, क्लबाची नाही. आपल्याकडे देवालाही भूपाळी म्हणून, आर्जवे करून उठवतात. भूपाळीकर म्हणून घराघरांत पोचलेला होनाजी हा गवळ्याच्या घरातला होता हे विसरू नये. पहाट म्हणजे काय हे त्याला धारेच्या चरवीवरून ठाऊक असणार.

कारण पहाटे उठणारे पूर्वीही पुष्कळ होते आणि आजही आहेत. जात्यावर बसणाऱ्या बायका कोंबड्याच्या आधी उठत. त्या दळता दळता रचलेल्या ओव्या हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून जमवल्या, तेव्हा त्यांची संख्या लाखावर गेली. अर्ध्या रात्री वीज येते म्हणून विंचू-काट्यांतून पाणी धरायला जाणारा शेतकरी आहे. सफाई कामगार आहे. दूध आणि वर्तमानपत्रे टाकणारी पोरे आहेत. नळाला पहाटे चारला पाणी येणाऱ्या वस्तीत तर सारी वस्तीच क्लबाची सभासद असते. पाचला उठल्याने ऐश्वर्य येत असते, तर महाराष्ट्रात सर्वांत धनाढ्य वर्ग मोलकरणींचा असता.

आणि या अंधारात उठण्याविरुद्ध आपल्याकडे लढा झालेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जे निवेदन केले, त्यात रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, अशा मागण्या होत्या. साडेसहाच्या आधी आम्हांला जुंपू नका, हे सांगण्यासाठी माणसे एकत्र आली होती. 1890 च्या एप्रिलात सुमारे दहा हजार कामगारांच्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्या कामगारांचे पणतू आज पैसे देऊन पाचला उठण्याची पुस्तके विकत घेतात.

हे केवळ हसण्यावारी नेण्यासारखे राहिलेले नाही. 2023 च्या ऑक्टोबरात नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे असे सुचवले. 2025 च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या प्रमुखांचे 90 तासांचे आणि रविवारच्याही कामाचे उद्गार प्रसिद्ध झाले. लोखंड्यांचा रविवार एकशे पस्तिसाव्या वर्षी परत मागितला गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आधी माणसाने स्वतःहून वेळेवर जप्ती आणावी, मग इतरांनी येऊन ती उचलून न्यावी, असा हा क्रम आहे. 90 तास सात दिवसांत वाटले, तर रोजचे 12 तास 51 मिनिटे होतात. आठ तास झोप धरा. उरले 3 तास 9 मिनिटे. डोंबिवलीहून चर्चगेटला जाऊन येणाऱ्याचे तेही गाडीत संपतात. जेवण, आंघोळ, मूल आणि कृतज्ञतेची वही यांसाठी त्याने पंचविसावा तास कोठून तरी पैदा करावा.

घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहत राहणार, असाही प्रश्न त्या 90 तासांच्या भाषणात होता. ती पाहून घेण्यासाठी बसलेली असते, ही यातली मुख्य चूक. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत 2019 साली सहा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे 26 टक्क्यांनीच घरकामाला हात लावला होता. जे घरकाम करतात त्यांच्यापुरते बोलायचे, तर स्त्रिया त्यावर दिवसाला 299 मिनिटे घालवत होत्या आणि पुरुष 97. पुढची पाहणी 2024 साली झाली. स्त्रियांची मिनिटे 289 वर आली. पुरुषांची 88 वर. दोहोंतले अंतर पाच वर्षांत 202 मिनिटांवरून 201 झाले. हे वाचलेले एक मिनिट कोणत्या साधकाने आपल्या पहाटेच्या वहीत जमेला धरले आहे, ते एकदा तपासून पाहिले पाहिजे.