विटेला मान, दरजेला नाही!

विद्यार्थी मित्रांनो, धातूंच्या धड्यात भट्टीचे चित्र आले, की बाजूला ‘उच्चतापसह विटांचे अस्तर’ असे लिहिलेले आढळते. तुम्ही ते पाठ करता, गुण मिळवता आणि पुढे जाता. त्या विटा एकमेकींना कशाने धरून राहतात, हे मात्र कोणी विचारीत नाही. माझे स्पष्ट मत आहे, की परीक्षेतला प्रश्न विटेवर नसावा, दोन विटांमधल्या दरजेवर असावा. वितळलेले लोखंड आधी शिरते ते दरजेतच. म्हणून जाणता गवंडी ही दरज दोन-तीन मिलिमीटरांहून जाड होऊ देत नाही.

‘मग घरबांधणीचे सिमेंट का नको? ते तर स्वतःच सुमारे १,४५०° से. तापमानाला तयार होते!’ असे तुम्ही म्हणाल. शंका रास्त आहे. पण सिमेंट घट्ट होते ते पाणी स्वतःत बांधून घेऊन. उष्णता तेच पाणी परत हिरावून नेते. ४००° ते ५००° से.च्या सुमारास त्यातील कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा चुना होतो. भट्टी निवाली की हा चुना हवेतील ओल शोषून फुगतो आणि दरज भुसभुशीत होते.

भट्टी तापलेली असतानाचे संकट याहून मोठे. शुद्ध सिलिका सुमारे १,७२०° से.ला वितळते, ॲल्युमिना २,०५०° से.च्या आसपास. विटेत ही दोन्ही असतात. त्यांच्यात चुना मिसळला तर ठरावीक प्रमाणात ते मिश्रण १,१७०° से.लाच वितळू लागते! मीठ घातल्यावर बर्फ शून्याखाली वितळतो, त्याचीच ही मोठी बहीण. म्हणून दरजेतला माल विटेच्याच कुळातला हवा: अग्निसह माती आणि भाजलेल्या विटेचा भुगा. भुगा कशाला? नुसती माती वाळताना आकसते व तडकते. एकदा भाजलेला भुगा पुन्हा फारसा आकसत नाही.

आपल्या शाळांतून द्रवणांक शिकवतात तो शुद्ध पदार्थाचा. कारखान्यात शुद्ध पदार्थ भेटतो कुठे? शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे. मान्य. मी नवा धडा मागत नाही. आहे त्याच धड्यात मिश्रणावरचे दोन प्रश्न मागतो. तुमच्यापैकी कित्येक जण दहावीनंतर आयटीआयमध्ये जातील, कोणी कोल्हापूरच्या ओतशाळांत कामाला लागतील. नवे अस्तर लागले, की मालकाला उत्पादनाची घाई असते. ओल्या दरजेतील पाण्याची वाफ झाली, तर तिला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. सावकाश तापवले तर ती निघून जाते. घाई केली तर अस्तराचे टवके उडवते आणि समोर उभ्या माणसाला भाजते. ‘साहेब, अजून दोन दिवस थांबा’ असे सांगण्याची वेळ तुमच्यावर येईल. ते कारणासहित सांगता आले पाहिजे. नुसत्या ‘थांबा’ला कोण विचारतो?

गुरुजनहो, यासाठी प्रयोगशाळाही नको. वर्गाला जवळच्या कुंभाराकडे न्या आणि कच्चे मडके आव्यात घालण्याआधी तो इतके दिवस सावलीत का वाळवतो, ते मुलांनाच विचारू द्या.