न सापडलेल्या किड्यांची शिरगणती

(बी. ए. भाग २)

जो किडा अजून कोणाच्या नजरेसच पडला नाही, त्याची मोजदाद कशी करणार? प्रश्न ऐकताच हसू येते. परंतु नामवंत शास्त्रज्ञ गेली ऐंशी वर्षे याच प्रश्नाशी झटत आहेत, आणि माझ्या मते तो तेल्हारा तालुक्यातील आपणा सर्वांचाही प्रश्न आहे.

टेरी अर्विन या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने पनामाच्या जंगलात एकाच जातीच्या १९ झाडांवर औषधाचा धूर सोडून खाली पडलेले किडे गोळा केले. नुसते भुंगेरेच सुमारे १,२०० जातींचे निघाले. त्यावरून गुणाकार करीत करीत, उष्ण कटिबंधात कीटक व त्यांच्या भाऊबंदांच्या तीन कोटी जाती असाव्यात, असे त्यांनी १९८२ साली मांडले. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा बराच खाली आणला. आज कीटकांच्या जाती साधारण ५५ लाख धरतात. त्यांपैकी नावे मिळाली ती जेमतेम १० लाखांना. एका झाडावरून साऱ्या पृथ्वीचा हिशेब मांडला की असे अंतर पडायचेच.

मला याहून दुसरी रीत पटते. कॉर्बेट (वाघांचे शिकारी जिम कॉर्बेट नव्हेत) या अभ्यासकाने मलायात दोन वर्षे फुलपाखरे जमविली. ११८ जातींचे एकेकच फुलपाखरू मिळाले, ७४ जातींची दोन-दोन, ४४ जातींची तीन-तीन. आणखी दोन वर्षे फिरल्यास नव्या जाती किती मिळतील, असे त्याने संख्याशास्त्रज्ञ फिशर यांना विचारले. १९४३ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्या गणिताने उत्तर येते सुमारे ७५. त्यातले मर्म सोपे आहे. एकेकदाच सापडलेले पुष्कळ, तर न सापडलेलेही पुष्कळ! आपल्या हजेरीपटाचेच पाहा ना. पुष्कळ गावांतून एकेकच विद्यार्थी आला असेल, तर ज्या गावांतून एकही आला नाही अशी गावेही बरीच असणार. घरातून कॉलेजची पायरी प्रथमच चढलेल्या माझ्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, १९७६ साली एफ्रॉन व थिस्टेड या दोघांनी हेच गणित शेक्सपिअरला लावले. त्याच्या साहित्यात सुमारे ३१,५०० निरनिराळे शब्द आहेत. पैकी १४ हजारांहून अधिक एकदाच आलेले. यावरून त्याला आणखी किमान ३५ हजार शब्द ठाऊक असावेत, असा अंदाज निघाला. शब्द काय आणि किडे काय, मोजण्याची रीत एकच.

आता आपल्याकडे पाहू. उत्तरेला सातपुडा, वाण नदी, मेळघाटचे रान. इकडे काळ्या मातीत पऱ्हाटी आणि तूर. रानपिंगळा हा पक्षी १८८४ नंतर ११३ वर्षे कोणाला सापडला नाही. तो १९९७ साली शहाद्याजवळ दिसला व पुढे मेळघाटातही आढळला. पिंगळ्याएवढा पक्षी जिथे नजरेआड राहतो, तिथे मोहरीएवढ्या किड्याची काय कथा! भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०२४ साली देशातील १,०४,५६१ प्राणीजातींची यादी जाहीर केली; परंतु तेल्हाऱ्याच्या बांधावर काय आहे, हे देशाच्या यादीवरून कसे कळावे?

आपल्या बोलीत मावा, तुडतुडे, फुलकिडे, बोंडअळी अशी नावे आहेत. ज्याने पीक खाल्ले त्याला नाव. ज्याने काही बिघडवले नाही तो नुसता 'किडा'. २००२ साली बीटी कपाशी आली, तरी २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरलीच. त्याच साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. माझ्या वडिलांच्याही पाठीवर पंप असतो. पीक आले तरच माझी फी भरली जाते, म्हणून फवारूच नका असे मी म्हणणार नाही. परंतु पंपाला शत्रू-मित्र कळत नाही. बोंडअळीच्या अंड्यात अंडी घालून तिचा नाश करणारा ट्रायकोग्रामा हा इवलासा मित्रकीटकही त्यात मरतो. जे मुळातच थोडे, ते आधी संपणार. आणि ज्या एकेकट्यांवरून आपण अंदाज बांधायचा, तेच नाहीसे झाले तर काय गमावले हेही कळणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी. ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. प्रत्येकाने आपल्या गावी दिसलेला किडा, तारीख, पीक व घरची माणसे त्याला काय म्हणतात ते लिहावे. मोबाईलवर फोटो घ्यावा. ओळख पटविण्यासाठी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील जाणकारांना विनंती करता येईल. वहीच्या शेवटी तीन रकाने आखावेत: एकदा दिसलेले, दोनदा दिसलेले, तीनदा दिसलेले. पहिला रकाना किती लांबतो त्यावरून, अजून किती बाकी आहे याचा हिशेब आपला आपल्यालाच मांडता येईल. प्राध्यापकांनी मनावर घ्यावे, वही मी आणून देतो.